औषधाची तारीख

शेडमधल्या दोन हजार कोंबड्या घशात घरघरत होत्या. हर्षदने एक उचलली, कानाशी धरली आणि खाली सोडली. तो कंपनीचा सुपरवायझर. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड आणि राबणं हेमांगीचं.

"श्वासाचा जंतू आहे, वहिनी. हे औषध आत्ताच पाण्यात टाका. परवा गाडी भरेपर्यंत मरायला नकोत."

हेमांगीने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "औषध दिल्यावर सात दिवस विकायच्या नाहीत, असं लिहिलंय."

"म्हणून तर औषधाच्या नोंदीच्या कार्डावर मागच्या रविवारची तारीख घाला." त्याने दारामागचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "नाहीतर पुढची पिल्लं इथे चौल गावातच दुसऱ्या शेडला उतरवतो. तुमची मर्जी."

घरात दुसरी कमाई नव्हती. हेमांगीने पेन उघडलं.

तिची सासू रखमा शेडचे प्लास्टिकचे पडदे वर गुंडाळत होती. थंडी बाधेल म्हणून ते आठवडाभर बंद होते, आणि आत विष्ठेची वाफ कोंडून डोळे झोंबत होते. खाडीचा वारा शिरला.

"आजी, वारा लागेल त्यांना," हर्षद म्हणाला.

"लागू दे. आठ दिवस आपलीच घाण हुंगतायत." रखमाने गाठ मारली. "माझ्या आईकडं पाच-सहा कोंबड्या होत्या. एखादी शिंकली की वेगळ्या डालग्याखाली. पाहुणा आला तरी तिला कापायची न्हाय. डाळभात वाढायची त्याला."

"तुमच्या पाच-सहा होत्या. या दोन हजार आहेत."

"मग खाणारी घरं बी तेवढीच हायत."

हर्षद हसला. हेमांगी हसली नाही. तिने कार्डावर आजची तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि औषध टाकीत ओतलं.

"वहिनी, पुढची पिल्लं विसरा."

"विसरले. या बऱ्या होऊ देत आधी."

"कोरी कार्डं माझ्याकडं गठ्ठ्यानं आहेत, तारीख मीच घालीन. परवा गाडी येणारच." तो मोटरसायकलकडे निघाला.

तो बाहेर पडताच हेमांगीने फाटकाला कुलूप घातलं आणि चावी सासूच्या हातावर ठेवली. रखमाने ती पदराच्या टोकात बांधली, वर आणखी एक गाठ मारली.

"येऊ दे गाडी," ती फाटकातून म्हणाली. "गाठ सात दिवसांनी सुटंल."