न सापडणारं रफू

"बारा. चौऱ्याहत्तर. सहा. पंचेचाळीस." रफूगार घडाघडा वाचत गेला. शेवटचा आकडा तर पान पुरतं उलटायच्या आधीच सांगून मोकळा झाला.

सिस्टरने पुस्तक मिटलं. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे दर महिन्याला पहिल्या पानापासून वाचून घ्यायचे, हे तिचं काम. क्षयाच्या गोळ्यांपैकी इथॅमब्युटॉल कधी कधी डोळ्यांवर उठते. बऱ्याचदा आधी लाल-हिरव्यातला फरक जातो. तेव्हाच गोळी बंद केली तर नजर बहुतेकदा परत येते. उशीर झाला तर काही सांगता येत नाही.

"काका, डोळ्यांची काही तक्रार?"

"छे! अजिबात नाही. तुम्ही गोळी तेवढी बंद करू नका. दोनच महिने राहिलेत. कोर्स पुरा झाल्याशिवाय मालक दुकानात पाऊल ठेवू देत नाही."

पहिल्या महिन्यात गोळ्यांनी लघवी केशरी झाली, तेव्हा हा माणूस घाबरून धावत आला होता. त्यानंतर चकार शब्द नाही. असा गुणी पेशंट आपल्या वाट्याला आला, याचं सिस्टरला कौतुकच होतं.

त्याने पिशवीतून तिचा हिरवा लोकरी कोट काढला. दाराच्या खिळ्याला अडकून बाही फाटली होती. घरी बसून हात गंजतायत म्हणत त्यानेच तो मागच्या खेपेला मागून नेला होता.

"शोधा बरं, कुठे फाटला होता!" कित्येक महिन्यांनी त्याची मान ताठ झाली होती.

सिस्टरने बाही उलगडून उजेडात धरली. विणीत वीण अशी मिळवली होती, की बोटाला जोड लागत नव्हता. हिरव्या बाहीवर वीतभर लालभडक रफू.

"सापडलं?"

"डोळे मिटले तर नाही सापडत, काका."

तो हसला. मग हसायचा थांबला.

सिस्टरने पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी मधूनच. त्याने मान पुढे केली, डोळे बारीक केले. कापड चाचपावं तसं पानावरून बोटही फिरवून पाहिलं.

"सिस्टर," अखेर तो हळूच म्हणाला, "याच्या आधी कुठलं पान असतं?"