मोहाखालचा धूर

सकाळपासून कोकिळेने नुसता जीव खाल्ला होता. रुखमाबाई मागच्या खिडकीचे गज धरून उभी होती. परसातल्या सावरीला लाल फुलं आली होती, त्यांवर साळुंक्यांची भांडणं जुंपली होती. बांधापलीकडे, रानाच्या तोंडाशी, तिच्या मोहाची पानं झडून गेली होती. पानं झडली म्हणजे कळ्या फुगल्या. शेंड्यावर पोपटांचा असा गलका, की घरात बसल्या बसल्या कळावं, यंदा मोह लवकर टपकणार.

पण कळून करायचं काय? मागच्या दाराला तिच्या पोराने, आदेशने कुलूप ठोकलेलं, आणि पुढच्या दारात सुनेला, चंचलला पहाऱ्याला बसवून तो तालुक्याला, गोंडपिपरीला गेलेला. गेल्या साली याच मोहाखाली फुलं वेचताना देवाजीला वाघाने नेलं. तेव्हापासून आईला रान बंद. नवरा तर गेलाच, वरून जित्या बाईला कोंडून ठेवलं, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. अरे, कोंबडीलासुद्धा दिवसा टोपलीखालून सोडतात.

त्यात गावाची रीत अशी, की मोहाखालचा पाला जो आधी जाळून जागा साफ करील, त्या साली फुलं त्याची. सासूच्या हातून आलेलं झाड दुसऱ्याच्या घशात जाणार, या विचाराने तिचा जीव नुसता वरखाली होत होता.

तिने सुनेला आधी गोडीने सांगितलं. शेजारची सरिता सोबत येते, हातात कुऱ्हाड घेते, पाला पेटवला की दोघी लगेच परततो. मग शिव्याही घालून झाल्या. चंचल उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत राहिली.

तेवढ्यात मोहाच्या बुडातून धूर निघाला.

रुखमाबाईने कपाळावर हात मारून घेतला. "गेलं माहं झाड. आता तं दार सोड, चंचल. कोण हाय थो, मले पाहू दे."

चंचलच्या हातातलं सूप थांबलं.

"दुसरं कोणी नाई, आत्याबाई. तुमचाच पोरगा हाय," ती हळूच म्हणाली. "तुमची तगमग त्यायले पाहावली नाई. गोंडपिपरीले गेलो असं सांगजो म्हणे."

"एकटाच?"

चंचलने मान डोलावली.

रुखमाबाई खिडकीपासून वळली. "आग लागो त्या झाडाले," ती म्हणाली. "कोणी बी नेऊ दे. माह्या पोराले घरी बोलाव."

चंचलने फोन लावला, तो लागेना. मग ती हाका मारत शेजारी धावली. सरिताचा नवरा आणखी दोघांना घेऊन, काठ्या सावरत, बांधाकडे निघाला. पुढचं दार सताड उघडं पडलं होतं. रुखमाबाई तिकडे फिरकलीसुद्धा नाही. तिने पुन्हा खिडकीचे गज धरले. वाघ हलला की आधी पाखरं चूप होतात, हे तिला जन्मभराचं ठाऊक.

चंचल आत आली आणि पदर तोंडाशी घेऊन रडायला लागली.

"रडू नको," रुखमाबाई मागे न बघता म्हणाली. "पाखरं बोलून राह्यले. थे आयकू दे मले."