कडुलिंबाचं तोंड

हेमांगी नेहमीप्रमाणे साखरेची वाटी घेऊन सोफ्यावर बसली. गेली बारा वर्षं दर शनिवारी तिचा नवरा प्रसन्न पाडव्याचा कडुलिंब चावल्यासारखं तोंड करून बिअर पीत आला होता. "कडूजहर असते गं, तुला नाही झेपणार," म्हणायचा. बिचाऱ्याला दर घोटामागे ती चिमूटभर साखर भरवायची.

आज मित्राने बेल्जियमहून आणलेली, कोको घालून केलेली बिअर होती. रंग सोनेरी, अंगात जोर. प्रसन्न फोन घ्यायला बाल्कनीत गेला आणि हेमांगीने जीव मुठीत धरून एक घोट घेतला. आधी कोको लागला, मग मध, मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कडूपणा शोधायला तिने आणखी चार घोट घेतले. सापडला नाही.

तो आला तेव्हा ग्लास रिकामा होता.

"चॉकलेट आहे हे," ती म्हणाली. "बारा वर्षं साखर भरवली मी तुला."

"अगं, ही एकच अशी. बाकी सगळ्या कडूच असतात."

हेमांगीने साखरेची वाटी लांब सरकवली. "आणि ऑफिसचं ते गोव्याचं ट्रेनिंग? दरवर्षी नुसता वैताग असतो म्हणतोस, ते?"

प्रसन्नने सवयीने कडुलिंबाचं तोंड केलं.