पुठ्ठ्याचा आडोसा

लंबूने तोंड उघडायच्या आधीच दंतवैद्याला कळलं, आता बायको हसणार.

खेळ तिचाच होता. गोष्ट ती सांगायची, जंगलं, पूल, राक्षस सगळे तिचे. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. दंतवैद्य योद्धा होता. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर हौसेने चेटकीण झाले होते. लंबू, म्हणजे दंतवैद्याचा मावसभाऊ, नुसता बासरीवाला. एक खुर्ची रिकामी राहते म्हणून दंतवैद्यानेच त्याला आणलं होतं. धोंडा आपणच उचलून आणला आणि नेम धरून पायावर टाकला.

पुलावर राक्षस उभा होता. लंबूने विचारलं, "काय राव, दिवसभर उभं राहून पाय नाही दुखत?"

बायकोने समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्यामागे फासा टाकला, वाकून पाहिलं आणि राक्षसाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दुखतात रे बाबा. विचारणारा तूच पहिला." मग स्वतःच हसत सुटली. पोस्टमास्तरांनी टेबल बडवलं.

तिचं हसू कोणाच्या खात्यावर किती जमा होतं, याचा हिशेब दंतवैद्याला तोंडपाठ असे. त्याने राक्षस मारला की ती नुसती "पडला" म्हणायची, गॅस बंद केलास का विचारावं तशा आवाजात.

"या खेळात समतोल नाही," तो म्हणाला.

"म्हणजे कसा?"

"माझं बळ अठरा, याचं सहा. तरी वाट यालाच मिळते. पुठ्ठ्यामागे काय दान पडतं, कोणी बघितलंय?"

"दादा, हवी तर बासरी तू घे," लंबू म्हणाला.

"बासरी ठेव तुझ्याकडे. फासे सगळ्यांसमोर पडू देत. सगळ्यांना सारखं."

बायकोने पुठ्ठ्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सारखं?"

"अगदी सारखं."

तिने पुठ्ठा दुमडून बाजूला ठेवला. "टाक. तुझी पाळी."

वाट मोकळी झाली होती, तरी योद्ध्याने तलवार उपसली. दान बेताचं पडलं. राक्षसाला जेमतेम ओरखडा आला. मग तिने फासा टाकला. तो उघड्यावर गडगडत आला आणि दंतवैद्याच्या कोपराशी थांबला. एकोणीस.

"गदा डोक्यात," ती म्हणाली. "योद्धा आडवा."

"एका फटक्यात?" पोस्टमास्तर म्हणाले. "अहो, मग इतके महिने या राक्षसांच्या हाताला काय लकवा भरला होता?" बोलून गेल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला.

दंतवैद्याला गुहेतला अजगर आठवला. ऐन वेळी घसरला होता. लांडगे अंधारात एकमेकांवरच आपटले होते. सेनापतीचा बाण कानाला चाटून गेला होता. सगळं पुठ्ठ्यामागे.

"चहा टाकतो," लंबू उठला. "काका, साखर किती ते सांगायला चला." पोस्टमास्तर लगोलग मागे गेले.

दोघंच उरली. दंतवैद्याने हळूच विचारलं, "सगळेच राक्षस?"

"तू विचार न करता तलवार उपसून आत घुसतोस. दर वेळी." ती पुठ्ठ्याची घडी नखाने सरळ करत होती. "आठवडाभर वाट बघतोस रविवारची. पहिल्याच पुलावर मरू देऊ?"

"आणि त्याच्यासाठीही करतेस?"

"लंबूसाठी? नाही. त्याला लागत नाही."

हे जमेला धरायचं की खर्ची टाकायचं, ते दंतवैद्याला कळेना. स्वयंपाकघरातून लंबूचा आवाज आला, पाठोपाठ पोस्टमास्तरांचं खिदळणं.

त्याने पुठ्ठा उचलला, उलगडला आणि तिच्यासमोर उभा केला. एक बाजू कलत होती. त्याने आपला पाण्याचा पेला त्या बाजूला टेकवला.

"उठता येतंय का बघू," ती पलीकडून म्हणाली. फासा वाजला.

"उठलास." गॅस बंद केलास का, तोच आवाज.

किती पडले, ते त्याने विचारलं नाही.