वाघोबाचं करडू

सून सुखरूप बाळंत झाली, तसं बानाबाईनं नवसाचं करडू गौताळ्याच्या जंगलात वाघोबाच्या शेंदरी दगडापाशी नेऊन बांधलं आणि मागं न बघता घर गाठलं. सकाळी नुसतं दावं उरलं होतं. देवानं मानून घेतलं, म्हणून तिनं उपास सोडला.

दुसऱ्या दिवशी मल्हारी तणतणत घरी आला. अभयारण्यात पाहुण्यांना जंगल दाखवायचं काम तिच्या या लेकाला नुकतंच लागलं होतं.

“माय, बिबट्याला शेळीची चटक लागली म्हणं. वनखात्याची माणसं त्याच दगडापाशी पिंजरा लावायलेत.”

“आरं, त्यानं चोरी नाय केली. म्या दिलं व्हतं त्याला!”

“हळू बोल! जंगलात करडू कुणी बांधलं, तेच हुडकायलेत समदे. माझी नोकरी घालवती का?”

पाळण्यात बाळ रडलं. बानाबाईनं पाळण्याला झोका दिला.

“अन् पिंजऱ्यात बांधायला करडू पायजे. आपलंच नेतो, म्हंजी संशय नाय यायचा.”

बानाबाईनं करडू सोडलं आणि दावं त्याच्या हाती दिलं.

पहाटे पिंजऱ्याचं दार पडलं. एवढं हुशार जनावर आत शिरलंच कसं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. बानाबाईला तेवढं वाटलं नाही. त्याच दगडापाशी तिच्याच घरचं करडू बघून तो समजला असेल, बानाबाईला आणखी एक नातवंड झालं.