मार्था कोलचा आवाज

लालबागच्या अनुजा घाडी वीस वर्षं अमेरिकन अभिनेत्री मार्था कोलच्या सिनेमांना मराठी आवाज देत होत्या. दोघी भेटल्या कधीच नव्हत्या. सत्तरीतली मार्था दादरला जीवनगौरव पुरस्कार स्वीकारायला आली, पण घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाजाची फक्त कुजबुज उरलेली. "अनुजाताई, तिचं भाषण मराठीत तुम्हीच वाचा," आयोजक म्हणाले. "अहो, मला स्टुडिओत बोलायची सवय. लोकांसमोर बोलायची भीती वाटते!" मार्थाने त्यांना हाताला धरून माईकपाशी नेलं. अनुजाताई वाचू लागल्या, "सुरुवातीची अकरा वर्षं मला प्रेताच्याच भूमिका मिळाल्या. आई विचारायची, तू बोलणार कधी?" सभागृह खळखळून हसलं. मार्थाने हॉटेलात विसळलेल्या बशांपासून तिच्या चाळिशीतल्या पहिल्या मोठ्या भूमिकेपर्यंत वाचत जाताना अनुजाताई भीती विसरल्या. टाळ्या वाजवत सगळे उभे राहिले. मार्था अनुजाताईंच्या कानाशी कुजबुजली, "माझं मराठी इतकं गोड आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!"