बिटाचा रंग

पाळलेल्या सशीच्या पिंजऱ्यातला कागद लघवीनं लाल झालेला दिसताच अण्णांनी पुस्तक मिटलं आणि तिला टोपलीत ठेवलं.

"बीट खाल्लं असेल तिनं," त्यांची बायको कुमुद म्हणाली. "मलाही हल्ली तसंच होतंय." अण्णा टोपलीवर टॉवेल नीट पांघरत होते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सशीची सोनोग्राफी केली. "गर्भाशयात गाठ आहे, काका. लवकर आणलंत म्हणून वाचेल. बीट समजून लोक थांबतात, आणि ससे दुखणं दाखवत नाहीत."

परतीच्या रिक्षात अण्णांना बायकोचं बोलणं आठवलं. घरी ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. त्यांना पाहताच तिनं ती पदराआड लपवली.

"कुमुद, उद्या तुलाही दाखवून येऊ."

"तिचं वेळेत कळलं ना? बरं झालं," ती म्हणाली. "तिच्याकडे तुम्ही रोज बघता."